बाल्कनीतल्या गांधीलमाश्या, हॅमिल्टनचं गणित आणि १३७ सह्या

कोपऱ्यावरचा
(धागाकर्ता)

मंडळी नमस्कार. बरेच दिवस वाचनमात्र होतो, आज विषयच असा निघालाय की लिहावं लागतंय. नाशिकला आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या बाल्कनीत, एसीच्या बाहेरच्या युनिटमागे गांधीलमाश्यांनी पोळं केलंय. करड्या कागदासारखं, तळहाताएवढं, उघडंच, सगळी घरं खाली तोंड करून. माश्या बारक्या, तपकिरी, पोटावर पिवळा पट्टा. मोजल्या तर एकवीस की बावीस, एक जागेवर थांबेल तर शपथ. सोसायटीच्या सेक्रेटरींनी पेस्ट कंट्रोलवाल्याला सांगून ठेवलंय पण तो कधी उगवेल ते त्यालाच माहीत, तोवर मी आणि लेक (नववीत आहे) रोज सकाळी कप हातात घेऊन काचेच्या आतून बघत बसतो.

तर प्रश्न लेकीचा आहे. अंडी घालताना आम्हाला एकच माशी दिसते. बाकीच्या सगळ्या अळ्यांना भरवतायत, लगदा आणून घरं वाढवतायत, मुंगी दिसली की धावून जातायत. स्वतःची पोरं कुणालाच नाहीत. मग हा राबायचा स्वभाव पुढच्या पिढीत जातो कसा? राबणारीला पिल्लंच नाहीत म्हटल्यावर तो तिच्याबरोबरच संपायला पाहिजे ना? मी ठोकून दिलं, "अगं सगळ्या पोळ्याच्या भल्यासाठी करतात." तर म्हणे, "बाबा, मग एखादीने कामचुकारपणा करून गुपचूप स्वतःची अंडी घातली तर? तिचीच पोरं वाढतील ना, आणि ती पण कामचुकार निघतील." गप्प बसलो आणि चहा प्यायलो.

जाणकारांनी मदत करा, नाहीतर माझी घरातली पत गेलीच म्हणून समजा.

---

शेवग्याची_शेंग

वाचतेय. प्रश्न भारी आहे. आणि आधी जाळी लावून घ्या हो बाल्कनीला, माझ्या दिराला एकाच वेळी चार डसल्या होत्या, दोन दिवस डोळा उघडत नव्हता.

---

रातकिडा

लेकीला माझ्यातर्फे एक मोठं चॉकलेट द्या, कारण तिने जे विचारलंय त्यावर मोठमोठी माणसं साठ-सत्तर वर्षं भांडतायत आणि अजून पुरतं मिटलेलं नाही.

डार्विनला स्वतःलाच हे अडलं होतं. १८५९ च्या पुस्तकात त्याने कबूल केलंय की वांझ कामकरी मुंग्यांची अडचण पहिल्यांदा आपल्याला दुस्तर वाटली, सगळ्या सिद्धांतालाच मारक वाटली. त्याने वाट काढली ती अशी, की निवड एकट्या जीवाचीच होते असं नाही, कुटुंबाचीही होऊ शकते. चवदार गुरं पैदा करणारा गोपालक ज्या जनावराचं मांस चाखतो ते तर मेलेलं असतं, पण तो त्याच्या भावंडांपासून पुढची पैदास करतोच की. दिशा बरोबर होती पण गणित नव्हतं, जनुक हा शब्दच नव्हता तेव्हा.

मधल्या काळात तुमचंच उत्तर चालायचं, सगळ्यांच्या भल्यासाठी. १९६२ साली विन-एडवर्ड्स नावाच्या अ‍ॅबर्डीनच्या प्राध्यापकाने एक जाडजूड पुस्तक काढून त्याचा सिद्धांतच केला, की पक्षी थव्याला अन्न पुरावं म्हणून आपली वीण आपणहून कमी ठेवतात. त्यावर ऑक्सफर्डचा डेव्हिड लॅक म्हणाला, अरे बाबा, पक्षी कमी अंडी घालतात कारण जास्त घातली तर भरवता येत नाहीत आणि शेवटी कमीच जगतात, यात समाजसेवा कुठून आली? १९६६ ला जॉर्ज विल्यम्सने उरलीसुरली हवा काढली, आणि त्याचा मुद्दा थोडाफार तुमच्या लेकीचाच. सगळे संयमी असलेल्या थव्यात एक अप्पलपोटा शिरला तर काही पिढ्यांत थवाभर अप्पलपोटेच होणार.

उत्तराची मोठी उडी मारली बिल हॅमिल्टनने, १९६४ ला. रात्री सविस्तर टाकतो, आता लॅबमध्ये धावायचंय.

---

तिरकस

म्हणजे 'सगळे स्वार्थी' हेच ऐकायला मिळणार. ठीक. पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

---

रातकिडा

आलो. हॅमिल्टन तेव्हा लंडनमध्ये पीएचडी करणारा एकलकोंडा पोरगा, त्याचा विषय नीट कळणारं माणूस आसपास जवळजवळ नव्हतंच. खोलीत एकटं वाटायला लागलं की वॉटर्लू स्टेशनच्या बाकावर जाऊन बसायचा आणि गर्दीत बसून समीकरणं मांडायचा. निघालं ते इतकं साधं की चीड यावी. तुझा जनुक फक्त तुझ्यात नाही, तुझ्या बहिणीतही असण्याची शक्यता अर्धी, सख्ख्या पुतणीत पाव, चुलत भावंडांत एक अष्टमांश. तेव्हा दुसऱ्याला झालेला फायदा गुणिले त्याच्याशी असलेलं नातं, हे जर तुझ्या तोट्यापेक्षा जास्त भरत असेल तर तो मदत करायला लावणारा जनुक पसरतो. संपलं. नातं, फायदा, तोटा, तीनच आकडे.

हॉल्डेन हा ब्रिटिश जनुकशास्त्रज्ञ याच अर्थाचं आधी गमतीत म्हणाला होता असं सांगतात, दोन सख्ख्या भावांसाठी नाहीतर आठ चुलत भावांसाठी मी नदीत उडी मारीन. हा हॉल्डेन १९५७ ला इंग्लंड सोडून आपल्याकडे आला, कलकत्त्याच्या सांख्यिकी संस्थेत, मग भुवनेश्वरला, भारताचं नागरिकत्व घेतलं आणि गेला तोही भुवनेश्वरलाच, १ डिसेंबर १९६४ ला, म्हणजे हॅमिल्टनचा पेपर आला त्याच वर्षी.

अवांतर गॉसिप: तो पेपर तपासायला गेला हॉल्डेनचा शिष्य जॉन मेनार्ड स्मिथकडे. त्याने सांगितलं दोन तुकडे करा, हॅमिल्टन करत बसला, आणि दरम्यान मेनार्ड स्मिथने स्वतःच नेचरमध्ये छोटा लेख टाकून 'किन सिलेक्शन' (नात्यातून होणारी निवड) हे नाव देऊनही टाकलं. हॅमिल्टनच्या मनातून ते बरीच वर्षं गेलं नाही.

---

गोदाकाठ

मराठी माणसाला भाऊबंदकी म्हटलं की बांधावरून कोर्टकचेरी आठवते, हॅमिल्टनची भाऊबंदकी भलतीच गोड आहे की.

---

शेवग्याची_शेंग

म्हणजे नणंदेशी माझं नातं शून्य, पण नवऱ्याचं भाच्याशी पाव. आता कळलं दिवाळीला भाच्याच्या ड्रेसचं बजेट कोण ठरवतं ते. 😄

---

कोपऱ्यावरचा

हाहा. रातकिडा, लेकीला वाचून दाखवलं. तिचा पुढचा प्रश्न हजर. बहिणीशी अर्धं आणि स्वतःच्या मुलीशी पण अर्धंच, तर मग स्वतःची मुलगी का नको? बहिणीसाठी राबण्यात जास्तीचं काय मिळालं?

---

रातकिडा

ही पोरगी मला नोकरीला लावणार.

तर इथे मुंग्या, मधमाश्या, गांधीलमाश्या यांची एक गंमत आहे. यांच्यात नर बिनफळल्या अंड्यातून होतो, म्हणजे त्याला बाप नाही, जनुकांचा एकच संच. त्याचे सगळे शुक्राणू एकसारखे, त्यामुळे एका बापाच्या लेकींना बापाकडचं सगळंच्या सगळं सारखं येतं आणि आईकडचं निम्मं. बेरीज केली तर सख्ख्या बहिणींचं नातं पाऊण! लेकीशी अर्धं, बहिणीशी पाऊण, म्हणजे बहीण वाढवणं फायद्याचं. हॅमिल्टनने हे दाखवलं तेव्हा लोक वेडे झाले, कारण एवढं सामाजिक आयुष्य किड्यांच्या याच गटात पुन्हापुन्हा उगवलंय. कोडं सुटलं असंच वाटलं सगळ्यांना.

सुटलं नव्हतं. एक तर भावाशी नातं पावच येतं, म्हणजे भाऊ-बहिणी सारख्याच वाढवल्या तर सरासरी पुन्हा अर्ध्यावर. ट्रिव्हर्स आणि हेअर यांनी १९७६ ला त्यातून वाट काढली, की कामकऱ्यांनी बहिणींवर तिप्पट खर्च केला तर जमतं, आणि काही मुंग्यांमध्ये आकडे तसे मिळालेही. पण राणीने दोन-चार नरांशी समागम केला की पाऊण गेलंच. वाळवीत तर नर-मादी दोघांनाही जनुकांचे दोन-दोन संच आणि तरी त्यांचे वारुळाएवढे संसार. आफ्रिकेतला बिनकेसाळ मोल-रॅट हा चक्क सस्तन प्राणी, त्याच्यातही एकच राणी आणि बाकी राबणारे.

---

मधुपेटी

नमस्कार, मी महाबळेश्वर बाजूचा, घरच्या सातेरीच्या (देशी मधमाश्यांच्या) पेट्या आहेत, आजोबांपासून. शास्त्र फार कळत नाही पण कामचुकार माशीचा विषय निघालाय तर डोळ्यांनी बघितलेलं सांगतो.

पेटीतली राणी मेली आणि नवी राणी तयार झाली नाही की थोड्याच दिवसांत कामकरी माश्या स्वतः अंडी घालायला लागतात. ओळखायचं कसं, तर राणी एका घरात एकच अंडं घालते, बरोबर तळाशी मधोमध, शेवयीच्या तुकड्यासारखं उभं. कामकऱ्यांचं पोट आखूड, तळापर्यंत पोचत नाही, म्हणून अंडी भिंतीला चिकटलेली आणि एकेका घरात तीन-तीन चार-चार. बघितल्यावरच समजतं की पेटी गेली. त्यातून सगळे नरच निघतात, नर काही मध आणत नाही, महिना-दीड महिन्यात पेटी रिकामी. म्हणजे माशीला स्वतःची अंडी घालता येत नाहीत असं नाही, राणी असेपर्यंत घालत नाही एवढंच.

---

रातकिडा

मधुपेटी, तुमच्या दोन ओळींवर अख्खे पेपर आहेत! १९८९ मध्ये रॅटनीक्स आणि व्हिशर यांनी युरोपियन मधमाशीत दाखवलं की राणी असतानाही एखादी कामकरी चोरून अंडी घालते, पण बाकीच्या कामकऱ्या ती शोधून खाऊन टाकतात. पोलीसगिरी म्हणतात त्याला. आणि का खातात त्याचं गणित बसतं. राणीचे नवरे दहा-वीस, त्यामुळे पेटीतल्या बहुतेक बहिणी सावत्र. राणीचा मुलगा म्हणजे आपला भाऊ, नातं पाव. सावत्र बहिणीचा मुलगा, नातं एक अष्टमांश. मग भाचा कशाला वाढवा, भाऊ वाढवू. कोपऱ्यावरचा, तुमच्या लेकीच्या कामचुकाराचं काय होतं त्याचं एक उत्तर हे. तो असतोच, पण बाकीच्या झोपलेल्या नसतात.

---

तिरकस

छान. सगळं नात्यावर बसवून झालं का? मग हे सांगा, माणसं अनोळखी माणसासाठी रक्त देतात. पूर आला की दुसऱ्या गावचे लोक बोटी घेऊन येतात. तिथे कोण मोजतंय पाव आणि अष्टमांश? डार्विननेच १८७१ ला लिहिलंय की ज्या टोळीत एकमेकांसाठी झटणारे जास्त ती दुसऱ्या टोळीवर मात करणार आणि हीसुद्धा नैसर्गिक निवडच. समूहाची निवड तुम्ही लोकांनी १९६६ ला पुरली, ती मेली नव्हती.

---

कुक्कुटपुराण

तिरकसच्या बाजूने एक पुरावा, आणि तो माझ्या धंद्यातला आहे म्हणून कान टवकारले. लेअरचा (अंड्यांच्या कोंबड्यांचा) फार्म आहे आमचा. पिंजऱ्यात कोंबड्या एकमेकींना टोचतात, एकीला रक्त दिसलं की बाकीच्या तुटून पडतात, म्हणून पिल्लं असतानाच चोची कापाव्या लागतात. आता तुम्हाला वाटेल जास्त अंडी देणारी कोंबडी निवडत गेलं की झालं. पण पिंजऱ्यातली सगळ्यात जास्त अंडी देणारी कोण असते? बऱ्याचदा बाकीच्यांना दाबून दाणा खाणारी दादा. तिच्याच पैदाशीने पिंजरा भरला तर सगळ्या दादाच.

अमेरिकेत पर्ड्यू विद्यापीठात विल्यम म्यूरने उलटं केलं. एकेक कोंबडी न निवडता अख्खा पिंजरा निवडला. ज्या पिंजऱ्याची एकूण कामगिरी चांगली त्याच्यातल्या सगळ्या पुढच्या पिढीला. चोची न कापता. दुसऱ्या पिढीत वर्षाची मरतूक ६८ टक्के होती ती चौथ्या पिढीपर्यंत ९ टक्क्यांच्या आत आली. १९९६ ला छापून आलंय. मरतूक ६८ वरून ९, हे ज्याने शेडमधून सकाळी मेलेल्या कोंबड्या वेचून बाहेर काढल्यात त्याला विचारा काय चीज आहे.

---

तिरकस

घ्या. समूह निवडला, समूह सुधारला. बोला रातकिडा.

---

रातकिडा

बोलतो की. प्रयोग एक नंबर आहे, वादच नाही. पण कुक्कुटपुराण, त्या पिंजऱ्यात कोण होतं? एकाच कोंबड्याच्या लेकी, म्हणजे सावत्र बहिणी. मग पिंजरा निवडणं म्हणजे कुटुंब निवडणं झालं, आणि १८५९ चा डार्विनचा गोपालक आठवा. नातेवाले म्हणतात ही किन सिलेक्शन, समूहवाले म्हणतात ही ग्रुप सिलेक्शन, कोंबड्या त्याच आणि अंडी पण तीच.

आणि ही नुसती शब्दांची कसरत नाही. जॉर्ज प्राइस म्हणून एक अमेरिकन रसायनतज्ज्ञ १९६७ ला लंडनला आला, हॅमिल्टनचे पेपर वाचून हादरला, चांगुलपणाच्या मुळाशी एवढंच आहे का म्हणून. खोटं पाडायला बसला आणि त्यातून १९७० ला त्याचं स्वतःचं समीकरण निघालं, ज्यात निवडीचे दोन भाग पाडता येतात, समूहासमूहांमधली आणि समूहाच्या आतली. हॅमिल्टनने १९७५ ला ते वापरून आपलाच सिद्धांत पुन्हा मांडला आणि समूहाच्या भाषेतही तो बसतो हे मान्य केलं. प्राइस मात्र तोवर गेला होता. शेवटी शेवटी घरदार सोडून, असेल ते बेघरांना वाटत सुटला होता, जानेवारी १९७५ मध्ये त्याने जीव दिला. अंत्यविधीला हॅमिल्टन आणि मेनार्ड स्मिथ दोघेही होते. हे लिहिताना दरवेळी थांबायला होतं.

---

कुंदाखाऊ

मी बेळगावचा. शेजारच्या धारवाडचं कुणीच कसं काढलं नाही अजून?

साठच्या दशकाच्या सुरुवातीला युकिमारू सुगियामा हे जपानी शास्त्रज्ञ धारवाडच्या जंगलात आपल्या वानरांवर, काळतोंड्यांवर, काम करत होते. त्यांनी पाहिलं की बाहेरचे नर येऊन टोळीच्या हुप्प्याला हाकलतात, त्यातला एक टोळी बळकावतो आणि मग अंगावर पिणारी पिल्लं मारली जातात. लोकांना पटेना. गर्दी झाल्यामुळे माथी बिघडली असतील, माणसांनी खायला घालून बिघडवली असतील, असं बरेच जण म्हणत राहिले. सारा हर्डी ही अमेरिकन मुलगी तेच तपासायला १९७१ ला माउंट अबूला आली, गर्दीचा परिणाम असेल असंच मनात धरून, आणि उलटं मत घेऊन गेली. पिल्लू गेलं की आई लवकर माजावर येते आणि नव्या हुप्प्याला स्वतःची पिल्लं मिळतात. टोळीच्या भल्याचा यात मागमूस नाही, टोळीचं तर नुकसानच. १९९९ ला नेपाळमधल्या रामनगरच्या वानरांवर डीएनए तपासणी झाली, मारणारा नर मारलेल्या पिल्लाचा बाप नव्हता.

तिरकसराव, समूह-समूह करताना हेही जमेला धरा. आमच्या गच्चीवर येणारी टोळी एकमेकींच्या उवा काढत शेंगा खात बसते, किती गुण्यागोविंदाने वाटतं बघायला.

---

गोदाकाठ

ते १३७ सह्यांचं काय, शीर्षकात आहे आणि कुणीच बोलत नाहीये. क्लिकबेट?

---

कोपऱ्यावरचा

शीर्षक काल संपादकांना सांगून बदलून घेतलं, रातकिड्याने व्यनित (खाजगी निरोपात) सांगितलेली गोष्ट आवडली म्हणून. रातकिडा, इथे सांगा ना सगळ्यांना.

---

रातकिडा

सांगतो. मुंग्यांचा बादशहा म्हणजे हार्वर्डचा एडवर्ड विल्सन. १९६५ मध्ये बॉस्टनहून मायामीला ट्रेनने जाताना त्याने हॅमिल्टनचा पेपर वाचायला घेतला. आधी चिडला, मुंग्यांबद्दल इतकं मोठं आपल्याला सुचलं नाही आणि या पोराला सुचलं. चूक काढायचीच म्हणून वाचत गेला आणि मायामी येईपर्यंत शरण. त्यानंतर हॅमिल्टनचा डंका अमेरिकेत ज्यांनी वाजवला त्यात तो पहिल्या ओळीत. १९७५ ला त्याने 'सोशिओबायॉलॉजी' हे पुस्तक लिहिलं, शेवटच्या प्रकरणात माणसावर आला आणि गहजब झाला. त्याच्याच विभागातले गूल्ड आणि लेवॉन्टिन विरोधात, १९७८ ला वॉशिंग्टनच्या परिषदेत तर स्टेजवर त्याच्या डोक्यावर पाणी ओतलं.

आणि याच विल्सनने म्हातारपणी पलटी मारली. २०१० ला नोवाक आणि कोरिना तारनिता या दोन गणितींबरोबर नेचरमध्ये पेपर, की नात्याचं गणित फारसं कामाचं नाही, घरटं आणि त्याची राखण हे मुळाशी आहे, नातं जवळचं असणं हा परिणाम आहे, कारण नाही. पुढच्या मार्चमध्ये नेचरमध्येच उत्तर आलं, एका पत्राखाली १३७ शास्त्रज्ञांच्या सह्या. त्यांचं म्हणणं, तुम्ही सिद्धांतच चुकीचा समजून घेतलात, आणि भाऊ-बहिणींवरच्या खर्चाचं गणित, पोलीसगिरी, हे सगळं मग कुठल्या सिद्धांताने आधीच सांगितलं होतं? २०१२ ला 'सेल्फिश जीन'वाल्या रिचर्ड डॉकिन्सने विल्सनच्या पुस्तकाची सालटी काढली, २०१४ ला विल्सन बीबीसीवर डॉकिन्सला पत्रकार म्हणाला. दोघंही वयाने ज्येष्ठ नागरिक.

माझं मत विचाराल तर १३७ वाल्यांचं गणित बरोबर होतं, पण सह्या गोळा करणं मला आवडलं नाही. गणित बरोबर असेल तर एक सही पुरते.

---

तिरकस

शेवटच्या वाक्याला +१. रातकिड्याशी पहिल्यांदाच एकमत, तारीख लिहून ठेवा.

---

निमूट

मी सहसा लिहीत नाही. पण तुम्ही सगळे तीन आकड्यांतल्या एकाच आकड्यावर भांडताय. नातं, नातं, नातं. फायदा आणि तोटा कुणी मोजले का?

एका माणसाने मोजले आणि तेही बहुधा धागाकर्त्याच्या बाल्कनीतल्या माशीवर. फोटो नाही म्हणून खात्रीने सांगता येत नाही पण वर्णनावरून ती रोपालिडिया मार्जिनाटा वाटते. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत राघवेंद्र गदगकर यांनी उभी हयात या माशीवर घालवली. पीएचडी त्यांची जंतूंच्या विषाणूंवर, गांधीलमाश्यांचा नाद कॉलेजच्या खिडक्यांतल्या पोळ्यांपासूनचा.

त्यांना काय दिसलं बघा. राणी एकाहून जास्त नरांशी समागम करते, म्हणून बहिणींचं नातं पाऊण नाही, अर्ध्याच्या आसपास. राण्या बदलत राहतात, म्हणून कामकरी कधी बहिणी वाढवते, कधी भाच्या, कधी त्याहून लांबच्या. आणि आपली जवळची कोण, लांबची कोण, हे पोळ्यातल्या पोळ्यात त्या ओळखतही नाहीत. म्हणजे नात्याचा आकडा पडेलच. शिवाय ही माशी जन्मतः वांझ नाही. कोषातून निघाल्या निघाल्या एकेकीला वेगळी ठेवून खाऊपिऊ घातलं तर साधारण निम्म्या जणींनी स्वतःचं पोळं करून अंडी घातली. मग एवढ्या कमी नात्यावर राबतात कशाला?

आता फायदा-तोटा. अंड्यापासून माशी व्हायला साधारण दोन महिने लागतात. आणि कामकरी माशी सरासरी जगते महिनाभराच्या आसपास. एकटीने संसार थाटला आणि चाळिसाव्या दिवशी ती मेली, तर अळ्या उपाशी मरणार, केलेलं सगळं मातीत. तीच माशी भरल्या पोळ्यात पंधरा दिवस राबून मेली तर तिने अर्धी वाढवलेली अळी दुसरी कुणीतरी पुरी करते. तिची पंधरा दिवसांची मजुरी बुडत नाही. गदगकरांनी १९९० मध्ये हे मांडलं. एकटीच्या संसाराची किंमत इतकी कमी आहे की नातं अर्ध्याच्याही खाली असलं तरी हॅमिल्टनचं गणित जुळतं. म्हणजे हॅमिल्टन चुकला नाही, आणि विल्सन घरट्याबद्दल बोलत होता तेही वाऱ्यावर नव्हतं. घरटं हे फायदा-तोट्याच्या आकड्यात बसलेलं आहे.

कुंभारीण माशी बघितली असेल. खिडकीच्या चौकटीत मातीचं घर करते, बधिर केलेले कोळी कोंबते, अंडं घालते, तोंड लिंपते आणि निघून जाते. रोज भरवायची भानगडच नाही, म्हणून मध्येच मेली तरी लिंपलेलं घर वाया जात नाही. तिला बहिणींची गरज लागत नाही.

---

मधुपेटी

निमूट, हे मजुरीचं फार आवडलं. आमच्याकडे इर्जिक असते (सगळ्यांनी मिळून एकमेकांच्या शेतात राबायचं), तिच्यात पण हेच, आजारी पडलास तरी तुझं शेत पडीक राहत नाही.

---

तिरकस

इर्जिकेत नातं लागत नाही, शेजार लागतो. बघा, माझाच मुद्दा.

---

रातकिडा

परतफेडीचा सिद्धांत वेगळा हो, ट्रिव्हर्स १९७१. रक्त पिणारी वटवाघळं एकमेकांना रक्त ओकून पाजतात, विल्किन्सनने कोस्टा रिकात पाहिलं, १९८४ ला. त्यांच्यात नातं तर आहेच पण पुढच्या कामात, २०१३ मध्ये, असं दिसलं की कोण कोणाला पाजणार हे नात्यापेक्षा आधी कोणी आपल्याला पाजलं होतं त्यावरून जास्त ओळखता येतं. माणसाच्या रक्तदानाचं मात्र वटवाघळावरून ठरवायला जाऊ नका, तिथे रीत, धर्म, कायदा, लाज, सगळंच मध्ये येतं. वेगळा धागा काढा, मी येतो भांडायला.

---

कोपऱ्यावरचा

निमूट, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. एक प्रश्न आणि एक बातमी.

बातमी आधी. लेकीने माश्यांना खुणा केल्यात. पहाटे गारठ्यात त्या सुस्त असताना लांब उदबत्तीच्या काडीच्या टोकाला नेलपॉलिश लावून पाठीवर एकेक ठिपका. (मी मागे टॉवेल गुंडाळून उभा, रागवू नका.) चौदा जणींना जमलं. वहीत रोज संध्याकाळी अर्धा तास नोंद, लाल ठिपका लगदा आणते, निळा अळ्यांना भरवते, असं. गेले दोन आठवडे चाललंय. राणी हिरवा ठिपका. अत्यंत शांत बाई, कुणाच्या अध्यात ना मध्यात.

आज सकाळी हिरवी दिसली नाही. काल सोसायटीचा पेंटर शिडी लावून गेला, तेव्हा उडाली की काय झालं देव जाणे. आणि प्रश्न असा, की एक माशी आज अचानक पिसाळलीये. दिसेल तिच्या अंगावर जाते, टोचते, पाठलाग करते. बाकीच्या मान खाली घालून ऐकून घेतात. भांडण लागलं का? पोळं मोडणार?

---

निमूट

मोडणार नाही. ती वारस आहे. या माशीत राणी काढून घेतली की काही मिनिटांत एकच कामकरी भयंकर आक्रमक होते आणि बाकीच्यांपैकी कुणी तिला आव्हान देत नाही. आठवडाभरात हळूहळू शांत होते आणि अंडी घालायला लागते. राणी पोळ्यावर पोट घासून वास सोडत असते, त्यावरून बाकीच्यांना ती आहे हे कळतं, वास गेला की वारस उभी राहते. राणी असताना मात्र वारस कोण ते बघणाऱ्याला ओळखता येत नाही. कोणता ठिपका आहे तिच्यावर?

---

कोपऱ्यावरचा

पांढरा.

---

शेवग्याची_शेंग

पेस्ट कंट्रोलवाल्याला थोपवा हो. मीच म्हटलं होतं जाळी लावा, तरी.

---

कोपऱ्यावरचा

सेक्रेटरींकडे लेकीलाच पाठवलं, वही घेऊन. पंधरा दिवसांची मुदत मिळाली, बाल्कनीच्या दाराला कडी लावायच्या अटीवर.

आज नववा दिवस. पांढरी कालपासून कुणाच्याच अंगावर गेलेली नाही. आत्ता साडेसातला एका रिकाम्या घरात पोट घालून बराच वेळ थांबली होती, ती उठल्यावर टॉर्च मारला तर आत पांढरं काहीतरी टाचणीच्या टोकाएवढं दिसतंय. फोटो हललाय, उद्या पुन्हा काढतो.

वही उघडून मागचं बघितलं. राणी होती त्या दोन आठवड्यांत पांढरीच्या रकान्यात लेकीने रोज जे दिसलं ते लिहिलंय. चार दिवस 'लगदा आणला', एकदा 'मुंगी हाकलली', आणि बाकी सगळे दिवस 'बसून आहे, विशेष काही नाही'.